उरलेली रुंदी

माणसं जातात, रस्ता मागे उरतो. हमीदभाई, तुमच्या शोकसभेत हे वाक्य तीन जणांनी म्हटलं आणि तिघांनीही ते डोळे मिटून म्हटलं. मिटले ते बरं झालं. उघडे असते तर समोरच दिसलं असतं की आपल्या गल्लीत रस्ताही उरलेला नाही. हे तुम्ही आम्हाला चार वर्षं फूट-इंचांत सांगत होता.

सभा विहाराच्या ओट्यावर झाली. पायऱ्यांमुळे मोटारसायकल चढवता येत नाही अशी गल्लीत तेवढीच जागा आहे. चौथ्या वक्त्याने सांगितलं की तुमच्या जाण्याने मोठी पोकळी निर्माण झाली आहे. मला हसू आलं. या गल्लीत पोकळी निर्माण झाली असती तर सभा संपायच्या आत तिथे कोणीतरी स्कूटी लावली असती. हे सांगायला मी उजवीकडे वळलो, तर तिथे तुम्ही नव्हता. नाहीतर तुम्ही नक्की म्हणाला असता, "चूप बसा सर, तुमचा नंबर लागंल तव्हा बी हेच बोलतेत."

माझ्या नंबराचं मी मनावर घेत नाही. सुमनचा दमा मात्र पावसाळ्यापासून वाढला आहे. हल्ली दूर कुठे सायरन वाजला तरी हातातलं काम सुटतं. मी उठून गॅलरीत जातो, विजेच्या खांबाकडे बघतो आणि परत येऊन बसतो. सुमन विचारते, काय बघून आलात? मी म्हणतो, काही नाही. तेही खोटं नाही.

तुम्ही धरणाच्या ऑफिसात ट्रेसर होता. विष्णुपुरीचे नकाशे उतरवता उतरवता डोळ्यांना जाड भिंगं लागली. मी कॉलेजात ग्रंथपाल. निवृत्तीनंतर लोक देवाधर्माला लागतात. तुम्ही पाच वेळची नमाज आधीपासूनच पढत होता, त्यामुळे तुमचा तो सगळा वेळ शिल्लक होता. तो तुम्ही गल्लीला दिला. दुपार कलताना असरची नमाज झाली की कातडी डबीतली मोजपट्टी, पेन्सिल आणि लांबट रजिस्टर घेऊन निघायचात. घाटाकडे उतरणाऱ्या टोकापासून हमरस्त्यापर्यंत, कोणती गाडी कुठे उभी आहे आणि तिच्या बाजूने किती जागा उरली आहे, ते लिहायचात. लातूरला लेकीकडे चार दिवस गेलात तर तिचीही गल्ली मोजून आलात. सना फोनवर म्हणाली होती, "काका, अब्बांना सांगा ना, इथले लोक विचारून राहिलेत की रस्ता रुंद करणार का म्हणून."

मोजण्यासारखं खूप होतं. समोरची बैठी घरं पाडून तीन-तीन मजले उठले. मंजूर नकाशांत प्रत्येक तळमजल्यावर पार्किंग लिहिलेलं होतं. आज एका पार्किंगमध्ये रक्त-लघवी तपासतात, दुसऱ्यात दाताचा डॉक्टर बसतो आणि तिसऱ्यात डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांचा क्लास भरतो. तपासायला येणारे, दात काढायला येणारे आणि पुढे दात काढू पाहणारे, सगळ्यांच्या गाड्या आपल्या दारांत.

आणि खांबाजवळ माझी.

मुलाने पुण्याहून पाठवलेली ती पांढरी गाडी मी वर्षातून दोनदा काढायचो. सुमनच्या माहेरी भोकरला जायला एकदा आणि परत यायला एकदा. बाकीचे दिवस ती गल्लीच्या तोंडाशी, खांबाच्या समोर, कापड पांघरून उभी असायची. "सर, गल्लीच्या घशात सुपारी अडकली हाय," तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचो, सुपारी माझी एकट्याचीच का दिसते, दाताच्या डॉक्टरची दिसत नाही? तुम्ही म्हणायचात, "त्याची दिसती. पन तो माझा दोस्त न्हाई." मी चहा मागवायचो.

मग त्या मोजणीचा दिवस आला. मागच्या हिवाळ्यात शहराच्या जुन्या भागासाठी वाहतूक आणि पार्किंगचा आराखडा करायचं ठरलं आणि आपल्या गल्लीची पाहणी जाहीर झाली. तुम्ही इतके खूश होता की नवा सदरा घातला होता. त्या आनंदाचं मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, पण मी ते कधी माझ्या तोंडाने म्हटलं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी आयुष्यभर तपासणीसमित्यांना हसलो. समिती येणार म्हटलं की आमच्या कॉलेजात कुंड्या भाड्याने यायच्या आणि कोणी न वाचलेली पुस्तकं पुसली जायची. पण हसत हसत कुंड्या मांडणाराही मीच होतो. अंगात मुरलेलं जात नाही. पाहणीच्या आदल्या दिवशी गल्लीच्या ग्रुपवर मी संदेश टाकला: उद्या पथक येत आहे, तरी सर्वांनी आपापली वाहने नदीकाठच्या मैदानात हलवून सहकार्य करावे. साहेब येणार म्हटल्यावर अंगण झाडायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लोकांनी माझं कधी नव्हे ते ऐकलं. क्लासवाल्या बालाजीने रस्त्यावर पाणीसुद्धा मारलं. मी माझी गाडी स्वतः चालवत मैदानात नेली.

टॅब घेऊन दोन मुली आल्या. एकटी तुमची जुनी स्कूटर तुमच्या दारात उभी होती. तुम्ही ती हलवायला नकार दिला होता. तुम्ही त्या मुलींच्या मागे मागे फिरत होता, हातात रजिस्टर.

"बेटी, परवा या. आज ही गल्ली खोटी हाय."

"काका, आम्हाला जे दिसतं तेच भरावं लागतं."

"जे दिसतंय ते इथं कधीच नसतं ना."

ती मुलगी हसली आणि तिने एक दुचाकी भरली. मी ओट्यावर उभा राहून, गल्ली किती छान दिसते, असं बालाजीला सांगत होतो.

उन्हाळ्यात आराखड्याचा मसुदा लागला. आपल्या गल्लीपुढे लिहिलं होतं: उभ्या वाहनांचा भार नगण्य. म्हणून बाजाराच्या रस्त्यावरची गर्दी कमी करायला पर्यायी मार्ग म्हणून ही गल्ली वापरावी, अशी शिफारस होती. नकाशात आपल्या दारांवरून एक जाड निळा बाण हमरस्त्याकडे गेला होता. तुम्ही नकाशाजवळ भिंग धरून बराच वेळ उभे होता. रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "लाइन मस्त मारलीय. हात चांगला हाय." आणि बाहेर आल्यावर पायरीवर बसलात. तुमचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं उन्हामुळे.

हरकती द्यायला तीस दिवस होते. नंतर ती मुदत वाढली. रजिस्टरची स्वच्छ प्रत तुम्ही करणार आणि अर्ज मी लिहिणार, असं ठरलं. अट तुमची एकच: मोजणीच्या दिवशी वाहनं कोणाच्या सांगण्यावरून हलवली, ते अर्जात लिहायचं. नाहीतर पुन्हा मोजा असं कोण का मानेल? बरोबरच होतं. मी रोज मसुदा करायचो आणि रोज त्या वाक्यापाशी थांबायचो. 'काही रहिवाशांच्या गैरसमजामुळे' असं लिहून पाहिलं. तुम्ही ते खोडलंत. "काही म्हंजे किती? माझ्या नकाशात 'काही' नसतं सर."

मी म्हणायचो, भाषा नीट बसत नाही.

"भाषा बसत न्हाई का तुम्ही उठत न्हाई?"

मी उठलो नाही. लोक काय म्हणतील, एवढ्याच भीतीने. हजारो पुस्तकं हाताखालून गेलेल्या माणसाला इतकी साधी भीती असते याचं मला अजून नवल वाटतं.

तो मंगळवार होता, दुपारचे तीन. सुमन वाफ घेऊन पडली होती. मी पेपर वाचत होतो. हमरस्त्याच्या बाजूने सायरन आला, कोपऱ्यावर थांबला आणि तिथेच वाजत राहिला. मी सुमनला म्हटलं, "कोणी तरी मोठा माणूस निघालेला दिसतो, ताफा अडकलाय." आणि पान उलटलं. हमीदभाई, मी पान उलटलं. त्यावर एका पुलाच्या उद्घाटनाचा फोटो होता, नारळासकट. मला तो अजून दिसतो.

मग खालून बालाजीने हाक मारली. "सर, चावी! गाडीची चावी! हमीदभाईंना आणायलेत!"

चावी सापडली. मी खाली पळालो, कापड ओढलं, आत बसलो, फिरवली. गाडीने एक टक् केलं आणि गप्प झाली. बॅटरी उतरली होती. मी पुन्हा फिरवली. काचेतून दिसत होतं, चार माणसं तुम्हाला लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणत होती. खांब आणि माझी गाडी यांच्यामधल्या फटीत तपासणीला आलेल्या कोणाच्या तरी दोन मोटारसायकली होत्या. त्या उचलून बाजूला टाकाव्या लागल्या. खुर्ची तिरकी करावी लागली. तुमचा हात माझ्या काचेला लागला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. तुम्ही त्या फटीकडे बघत होता.

डॉक्टर नंतर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. त्यातल्या 'फार' या शब्दाबरोबर मी तेव्हापासून राहतो आहे. रोज सकाळी उठून मी त्याचे वेगवेगळे अर्थ लावतो आणि संध्याकाळपर्यंत ते सगळे माझ्यावर उलटतात.

पाचव्या दिवशी नफीसाभाभींनी रजिस्टर आणि स्वच्छ प्रत असं दोन्ही माझ्या हातात दिलं. "तुम्हारे वास्ते रक्खे थे," एवढंच म्हणाल्या. मी घरी येऊन आधी रजिस्टर उघडलं. भोकरचे दिवस आणि ती मोजणी सोडली तर चार वर्षांचं प्रत्येक पान एकाच ओळीने सुरू होतं: सरांची गाडी, खांबासमोर. पुढच्या रकान्यात उरलेली रुंदी: पाच फूट दोन इंच. शेवटच्या रकान्याचं नाव तुम्हीच ठेवलेलं, 'काय जाईल'. त्यात लिहिलेलं: सायकल हो, रिक्षा हो, अ‍ॅम्ब्युलन्स नाही. रोज. ईदच्या दिवशीसुद्धा. मला आठवतं, त्या दिवशी मोजून झाल्यावर तुम्ही आमच्याकडे शीरखुर्मा घेऊन आला होता आणि दमा आहे म्हणून सुमनच्या वाटीत काजू कमी घालायला सांगितलं होतं. दमा आणि काजू यांचा काय संबंध हे मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "संबंध न्हाई, पन काळजी घ्यावी."

मग स्वच्छ प्रत पाहिली. सुरेख, धरणाच्या नकाशासारखं अक्षर. प्रत्येक गाडीपुढे मालकाचं नाव. दाताच्या डॉक्टरचं, बालाजीचं, तुमच्या स्वतःच्या स्कूटरपुढे तुमचं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: चारचाकी, पांढरी. मालक: माहीत नाही.

चाळीस वर्षं ज्या माणसाने अर्धा इंच इकडचा तिकडे केला नाही, त्याने माझ्यासाठी लिहिलेली ही खोटी नोंद. मी ती प्रत मिटली आणि कपाटात ठेवली. खरं सांगतो, तेव्हा कृतज्ञतेच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. प्रत जशी आहे तशी जोडली तर कोणालाच काही कळणार नव्हतं. वाहनं हलवल्याच्या वाक्यातही 'काही' घालता आलं असतं, खोडणारा उरला नव्हता. मी तसाच आठवडा काढला.

मग एका सकाळी सुमनचा श्वास अडकला. पोळ्या लाटता लाटता ती ओट्याला धरून उभी राहिली आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मी वाफेचं मशीन लावलं. मुखवट्यावरून तिचे डोळे माझ्याकडे बघत होते. मी फोन हातात घेतला, आणि नंबर लावायच्या आधी गॅलरीत धावलो. तिला सोडून. फट बघायला. खाली गाडी, खांब आणि मध्ये तीन मोटारसायकली. आपल्याकडे खुर्च्या लाकडी आहेत, जड आहेत, त्या चौघांना उचलवणार नाहीत, असा विचार मी केला. बालाजीची प्लास्टिकची मागावी लागेल. बायको आत गुदमरते आहे आणि मी खुर्च्यांचा विचार करतो आहे.

दहा मिनिटांत तिचा श्वास मोकळा झाला. मुखवटा काढून ती म्हणाली, "कुठं गेला होता?"

"गॅलरीत."

"कशाला?"

मी सांगितलं. फट, चावी, उतरलेली बॅटरी, तुमची ओळ, सगळं. ती म्हणाली, "मग मला का सांगता? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

मी स्वच्छ प्रतीतलं 'माहीत नाही' खोडून तिथे माझं नाव लिहिलं, सही केली. अर्जात लिहिलं: मोजणीच्या दिवशी वाहने माझ्या संदेशावरून हलवण्यात आली. भाषा एका झटक्यात बसली. मग तो कागद घेऊन तुमच्या घरी गेलो. भाभी तांदूळ निवडत होत्या. मी वाचून दाखवलं.

"उनकू मालूम था, सर," भाभी म्हणाल्या. "मेरेकू बी मालूम. सारी गल्लीकू मालूम हाय. तुमकूच नै था."

मी म्हटलं, भाभी, त्या दिवशी गाडी नसती तर...

त्यांनी हात वर केला. ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "वो नै बोलना. बोले तो मैं बी सोचती बैठूंगी." आणि मग: "गाडी हटाई क्या?"

"उद्या मेकॅनिक बोलावतो."

"आज हटाव."

मेकॅनिकला थांबलो नाही. बालाजी, दाताचे डॉक्टर आणि क्लासची पाच-सहा मुलं यांनी ती ढकलत मैदानात नेली. मी स्टिअरिंगवर होतो. लोक दारात येऊन बघत होते. परत आलो तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत एक बुलेट आणि दोन स्कूट्या लागल्या होत्या. मी तुमची मोजपट्टी भाभींकडून मागून घेतली आणि मोजलं. सहा फूट आठ इंच. अ‍ॅम्ब्युलन्स आरसे मिटून जाईल, कदाचित. 'कदाचित' तुम्ही खोडलं असतं.

तुमच्याशी माझा एक वाद राहिलाच आहे. तुम्ही म्हणायचात, खरं मोजलं की माणसं आपोआप शहाणी होतात. मी म्हणायचो, माणसं मोजमापालाच आपल्यासारखं करून घेतात. पुरावा माझ्या बाजूने आहे आणि तो मीच तयार केला आहे, त्यामुळे जिंकल्याचं समाधान नाही. तरी आता असरच्या सुमाराला मीच निघतो. माझे आकडे वेडेवाकडे येतात. लोक आधी हसायचे, आता विचारतात, "सर, आज किती?" मी सांगितलेला आकडा ऐकून परवा एकाने मोटारसायकल जरा भिंतीला सरकवली. चार इंच. मी लिहून ठेवलं. सायरन आला की अजूनही गॅलरीत धावतो. रजिस्टरात त्याला रकाना नाही.

अर्ज मंजूर झाला, हमीदभाई. पुढच्या आठवड्यात फेरमोजणी आहे. मी ग्रुपवर लिहिलं की त्या दिवशी कोणीही काहीही हलवू नये. लगेच उलट प्रश्न आले. कचऱ्याचा डबा हलवायचा का? बालाजी तर घरी आला. "सर, साहेब येनार अन् गल्ली अशी? बरं दिसतं का?" त्याला मी अर्धा तास समजावलं. तो मान हलवून गेला. ती मान कोणत्या अर्थाने हलली ते मला कळलं नाही आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

फेरमोजणीचं पत्र मी तुमच्या रजिस्टरात ठेवलं आहे. त्यात तारीख आहे, वेळ आहे, आणि खाली एक सूचना आहे: पथकाचे वाहन उभे करण्यासाठी गल्लीत पुरेशी मोकळी जागा राखून ठेवावी.